सेंट्रिफ्यूज फिरतंय तोवर

पारोळ्याला, स्टँडमागच्या गल्लीत,
मेडिकलच्या वर आमची लॅब.
पायऱ्या अठरा,
उपाशीपोटी येणाऱ्यांना त्या छत्तीस वाटतात.

सात ते साडेनऊ मी नुसते हात बघते.
"मूठ आवळा. आता सोडा."
कापूस वेचून चिरलेली मूठ, मेंदीची मूठ,
एकदा एका पोराच्या मुठीत पेरूची फोड होती,
सोडायलाच तयार नव्हता.

मग नळ्या यंत्रात समोरासमोर बसवायच्या,
वजन सारखं लागतं, नाहीतर ते टेबलासकट नाचतं.
झाकण. बटण.
दहा मिनिटं.

ही दहा मिनिटं कुणाच्याच हिशेबात नाहीत.
रक्त आपलं आपण वेगळं होत असतं,
तांबडं खाली, पिवळं पाणी वर,
आणि मी ग्लोव्हज काढून, हात दोनदा धुऊन
सिरिंजच्या रिकाम्या खोक्यातून
क्रोशाची सुई काढते.

घरी करून पाहिलं होतं. रविवार ठेवला होता, आख्खा.
त्या रविवारी आठ दिवसांनी नळ आला.
पुढच्या रविवारी पूर्वाला शाळेसाठी ज्वालामुखी हवा होता,
तो रात्री अकराला पेटला एकदाचा,
सोड्याचा फेस फरशीभर.
त्यानंतरच्या रविवारी मी झोपले.
बंदी नोट मला कधी मिळालीच नाही वेळेची.
चिल्लर मिळते. तीच मोजून वापरते.

एका फेरीत दोन ओळी, तिसरी अर्धी.
टिंग वाजलं की टाका जिथे असेल तिथे
सेफ्टी पिनेत अडकवायचा
आणि पुन्हा ग्लोव्हज.
माझ्या प्रत्येक कानातल्यात असे अडकलेले टाके आहेत,
मला कळतात. घालणारीला नाही.

कौतिकबाई भिला पाटील, वय अडुसष्ट,
जेवणाआधीची, जेवणानंतरची.
मधले दोन तास बाकावर, माझ्या सुईकडे बघत.
दोन्ही पाळ्या फाटलेल्या,
डावीची फट थेट खालपर्यंत.
"जड सोनं घालं व्हतं लगीनम्हा," एवढंच म्हणाल्या,
"आते मना कानले काहीज टिकत नही."

भोक नाही तर लटकवायचं कशाला?
तीन दिवस नळ्यांवर नावं चिकटवताना तेच डोक्यात.
मग सुचली वेल:
कानामागून वळसा घेऊन
पाळीपुढे नुसती टेकणारी,
मोरपंखी दोऱ्याची, टोकाला सात मणी.
पहिली वाकडी झाली, उसवली.
दुसरी बाईंच्या कानाला मोठी होईल असं वाटलं,
कान मी मापलेच कुठे होते, आठवणीतून केलेले.
तिसरी झाली.
किती फेऱ्या लागल्या ते यंत्राला विचारा.

महिन्याने त्या आल्या. सुई टोचून घेतली, हूं की चूं नाही,
पण वेल कानाला लावताना डोळे मिटून घेतले.
लॅबमध्ये आरसा नाही.
स्टीलचा ट्रे पुसून समोर धरला,
त्यात त्या डावीकडून बघत राहिल्या, मग थोडं वाकून.
"याले तं वजनज नही वं माय!"
आणि मग, "इतला येळ कोठून काढस तू?"

मी यंत्राकडे बोट दाखवलं.
ते घरघरत होतं, त्यांचंच रक्त घेऊन.
त्यांना पटलं की नाही, ठाऊक नाही.

उजवीची झाली नव्हती. सांगितलं तसं.
"आखाजीले पोर येई मनी,
तवलोंग दोन्ही कान जोयजेत."
पदरातून शेंगा काढून टेबलावर ओतल्या,
पैशांचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही नाही,
आणि एका कानात मोरपंखी घेऊन
अठरा पायऱ्या उतरल्या, कठड्याला हात न लावता.

टिंग.
रजिस्टरात लिहिलं, दोनशे बारा.
पुढच्या वेळी शुगरचं बोलायला हवं त्यांच्याशी, नीट.
शेंगांची टरफलं खोक्यात पडली होती,
ती झटकली, नव्या नळ्या बसवल्या.
आखाजीला एकोणीस दिवस.
झाकण. बटण.